तान्ह्या पोळ्याची फिल्म करा, पण पॉलिसीवर कर्ज नको

नागपूरहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 36, मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार 58 हजार. यजमानांचं इतवारीत लहानसं दुकान आहे, त्यातून एखाद्या महिन्यात 20 हजार सुटतात तर एखाद्या महिन्यात 45. बेसा भागातल्या फ्लॅटचा हप्ता 19 हजार, घरखर्च 38 हजार, एसआयपी 6 हजार, एफडी 3 लाख 20 हजार, मुलगा पहिलीत. आजोबा सुतार होते, तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल घडवायचे. त्यांच्यावर सहा मिनिटांची, हाताने चित्रं काढून केलेली अ‍ॅनिमेशन फिल्म करायचं ताईंच्या मनात आहे. नोकरी न सोडता, रात्री आणि रविवारी. खर्चाचा अंदाज 4 लाख 60 हजार: कॉम्प्युटर 1 लाख 90 हजार, मोठा पेन डिस्प्ले (चित्र काढायचा स्क्रीन) 1 लाख 10 हजार, सॉफ्टवेअरचं वर्षभराचं भाडं 30 हजार, संगीत आणि आवाज 80 हजार, किरकोळ 50 हजार. यातले 3 लाख पॉलिसीवर कर्ज काढून, बाकीचे एफडी मोडून. सुरुवातीला वेग यावा म्हणून सहा महिने बिनपगारी रजा घ्यावी का, असंही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "फाळक्यांनीही विमा पॉलिसी गहाण टाकूनच सुरुवात केली होती ना?"

ताई, फिल्म कराच. आजोबांचे हात, रंधा, बैलाची चाकं हे सगळं तुम्ही पाहिलेलं आहे आणि ते काढण्याची कला तुमच्याकडे आहे. यात पैसे घालणं म्हणजे उधळपट्टी असं मी मुळीच मानत नाही. पण कर्ज, रजा आणि एफडी या तिन्ही गोष्टींना माझा स्पष्ट नकार आहे.

आधी रजेचा हिशेब. सहा महिन्यांचा पगार 3 लाख 48 हजार. तो धरला की फिल्म 4 लाख 60 हजारांची राहत नाही, 8 लाख 8 हजारांची होते. त्या काळात पीएफ थांबेल, कंपनीचा आरोग्य विमा चालू राहील की नाही तेही विचारावं लागेल. तुमच्या घरात ठरल्या तारखेला येणारी रक्कम एकच आहे, तुमचा पगार. दुकान मंदीत असताना फ्लॅटचा हप्ता त्याच्याच जिवावर जातो. एफडीसुद्धा हप्ता आणि घरखर्च धरून साडेपाच महिने पुरेल एवढीच आहे. ती घराची आहे, फिल्मची नाही.

पॉलिसीवरचं कर्ज सोपं वाटतं, कारण मागे कुणी लागत नाही. मुद्दल परत करण्याची घाई नसते, व्याज थकलं तरी फोन येत नाही. मला भीती त्याचीच वाटते. तुम्ही कळवलेला दर साडेनऊ टक्के आहे आणि व्याज दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिळवलं जातं. काहीच न भरता पाच वर्षं गेली तर 3 लाखांचे जवळजवळ 4 लाख 77 हजार होतात. ते मुदतपूर्तीच्या रकमेतून वळते होतात. दरम्यान तुमचं काही बरंवाईट झालं, तर मुलाच्या हाती येणाऱ्या रकमेतून कापले जातात. आणि पॉलिसीचे हप्तेही थकलेले असतील, तर थकबाकी सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्यास मिळणाऱ्या रकमेच्या, पलीकडे गेल्यावर पॉलिसीच बंद होऊ शकते.

आता फाळक्यांबद्दल. त्यांनी पॉलिसीवर पैसे उभे केले आणि 1912 मध्ये त्या पैशातून लंडन गाठलं, हे खरं. पण परत आल्यावर पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी भांडवल मागण्याआधी त्यांनी काय केलं तेही पाहा. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोप वाढेल तसं ते थोडं थोडं टिपत गेले. पडद्यावर रोप भराभर उगवताना दिसलं आणि ते पाहून पैसे देणारा माणूस तयार झाला. 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये त्यानंतर आला. पुढे याच फाळक्यांनी आगकाड्या एकेक फ्रेमने हलवून अ‍ॅनिमेशनही केलं. त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर तो वाटाणा घ्या: मोठा खर्च करण्याआधी, हातात आहे तेवढ्यात पूर्ण होणारं लहान काम.

तुमचं लहान काम म्हणजे एक मिनिट. पोरगं लाकडी बैल ओढत शेजाऱ्यांकडे बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा, मागायला निघतं, एवढा एकच प्रसंग. कारण तुमच्या खर्चाच्या अंदाजात वेळेचा कुठेच हिशेब नाही, आणि या फिल्ममध्ये सगळ्यात महाग तोच आहे. सेकंदाला 24 फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात. सहा मिनिटांची झाली 4,320. पात्र स्थिर उभं असेल तिथे चित्रं वाचतात, पण कच्चं रेखाटन, पक्की रेघ आणि रंग मिळून एका चित्राला सरासरी अर्धा तास धरला, तर 2,160 तास. आठवड्याला दहा तास मिळाले तर चार वर्षांहून जास्त. आणि पहिलीतल्या मुलाची आई म्हणून दहा तास हा मी हात सैल सोडून धरलेला आकडा आहे. तीच फिल्म तीन मिनिटांत सांगता आली तर काम दोन वर्षांवर येतं. एका मिनिटाला 360 तास, म्हणजे आठ-नऊ महिने. म्हणून आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची क्रमवार कच्ची चित्रं, काढा, त्यावर मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज टाकून अ‍ॅनिमॅटिक (त्या चित्रांचा कच्चा व्हिडिओ) बनवा आणि घरच्यांना दाखवा. याला काही खर्च नाही. कुठली दृश्यं गळाली तरी चालतात ते तिथेच कळेल, आणि गळालेलं प्रत्येक दृश्य तुमचे कित्येक रविवार परत देईल.

हे कळलं की कॉम्प्युटरचा प्रश्न आपोआप सुटतो. बर्डीतल्या (सीताबर्डी) दुकानदाराने दिलेलं कोटेशन मी नीट वाचलं. त्यातलं महागडं ग्राफिक कार्ड थ्रीडीच्या जड रेंडरिंगसाठी, म्हणजे कॉम्प्युटरकडून दृश्यं तयार करून घेण्यासाठी, आहे. तुमची फिल्म टूडी आहे. आज घेतलेली मशीन शेवटच्या टप्प्यापर्यंत चार वर्षं जुनी झालेली असेल, निम्म्या किमतीलाही जाणार नाही. घरातल्या डेस्कटॉपला रॅम वाढवून एसएसडी बसवा. स्क्रीनवर थेट चित्र काढता येईल असा 16 इंची पेन डिस्प्ले साधारण तीसेक हजारांत येतो, तो पुरेसा आहे. सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालू नका. ओपनटून्झ, क्रिटा, ब्लेंडर तिन्ही फुकट आहेत आणि ही काही तडजोड नाही: 2025 साली सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवलेला 'फ्लो' ब्लेंडरमध्येच तयार झाला. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क मात्र हव्यातच. त्यातली एक माहेरी ठेवा, दर महिन्याला बदला. एक यूपीएस घ्या, आणि मे महिन्यात पारा 45 वर गेला की कॉम्प्युटर कूलरच्या दमट झोतासमोर ठेवू नका. हे सगळं 65 हजारांच्या आत बसतं. तुम्ही लिहिलेल्या 70 हजारांच्या दिवाळी बोनसमधून ते निघतं, कुणाचं देणं राहत नाही.

दर महिन्याला 4 हजारांचं आरडी सुरू करा, फक्त फिल्मच्या नावाने. यजमानांशी बोलून ठरवा की दुकान ज्या महिन्यात चांगलं चालेल त्या महिन्यात त्यात थोडी भर घालायची आणि मंदीत घरखर्चासाठी या पैशांकडे बघायचं नाही. दोन वर्षांत व्याज सोडून 96 हजार होतील. हा पैसा आवाजासाठी. तुमच्या अंदाजातल्या 80 हजारांना मी कात्री लावलेली नाही, कारण रंध्याचा आणि लाकडी चाकांचा आवाज खरा नसेल तर सुंदर चित्रंसुद्धा फिकी पडतात. एसआयपी बंद करू नका. तो पैसा तुमच्या म्हातारपणाचा आणि मुलाच्या शिक्षणाचा आहे.

संगीतकार ओळखीचा असला तरी हक्कांचं पत्र लिहून, सही करून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच असावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. फिल्म पूर्ण होऊन परदेशी महोत्सवात निघाली आणि संगीताचा हक्क सीमेवर थांबला, असं होऊ नये.

उत्पन्न शून्य धरा. महोत्सवांसाठी 15-20 हजार वेगळे ठेवा, कारण परदेशातले बरेच महोत्सव प्रवेशशुल्क डॉलरमध्ये घेतात. मुंबईचा 'मिफ' (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) दर दोन वर्षांनी भरतो, 1990 पासून भरतोय, माहितीपट आणि लघुपटांबरोबर अ‍ॅनिमेशनही घेतो. पहिलं लक्ष्य तो ठेवा. एक मिनिट पूर्ण झाल्यावर खरोखर मोठ्या मशीनची गरज वाटली तर मला पुन्हा लिहा. तेव्हा एफडी न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून लहान ओव्हरड्राफ्ट (लागेल तेवढीच उचल) घेण्याचा विचार करता येईल, पण परतफेडीचा महिना आधी ठरवून.

बिनपगारी रजेऐवजी शिल्लक असलेली पगारी रजा वापरा. दोन-तीन दिवसांचे तुकडे न पाडता दिवाळीला जोडून सलग घ्या, म्हणजे हात बसेल. त्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. आयटी कंपन्यांच्या करारात कर्मचाऱ्याने नोकरीच्या काळात केलेल्या कामावर कंपनीचा हक्क सांगणारं कलम अनेकदा असतं, आणि बाहेरच्या कामाला परवानगी लागते. कलम मोघम असेल तर एचआरकडून ईमेलवर लेखी उत्तर मिळवा, आणि फिल्मची एकही फाइल कंपनीच्या लॅपटॉपवर उघडू नका.