गगनबावड्याच्या वाटेवरचा पहिला दिवस

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं सायकलीनं विजयदुर्गापर्यंत निघताय हे वाचून फार आनंद झाला. तू सामानाची यादी मागितली आहेस, तीही देतो. पण आधी पहिल्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. जोडीनं प्रवास कसा करायचा, हे त्याच दिवशी अंगवळणी पडतं किंवा बिघडतं.

पहाटे साडेपाचला रंकाळ्यावरून निघा. फुलेवाडी मागे टाकून बालिंग्याच्या पुलावर भोगावती लागेपर्यंत अंग तापतं आणि पाय आपोआप वेग धरतात. तिथंच फसायला होतं. गगनबावडा पंचावन्न किलोमीटर आहे आणि त्यानंतर घाट उतरायचाय. पहिला तासभर, गप्पा मारताना धाप लागणार नाही एवढ्याच वेगानं चालवा. तुमच्यात जो सावकाश चालवतो त्याला पुढे ठेवा. मागच्यानं आपलं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला समांतर आणू नये. चाकं घासली तर पडतो तो मागचाच.

कारखाने सुरू झालेत, म्हणजे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असणार. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, हे डोक्यात पक्कं ठेव. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून सुटकेचा श्वास टाकून सायकल आत घेऊ नकोस, दुसरी मागून हेलकावत येत असते. घंटी मारून उपयोग नाही, सरळ साइडपट्टीवर उतरा. दोघांच्या पाठीला चमकणारी पट्टी हवी.

आता मुद्द्याचं. मी तुझ्याच वयाचा असताना याच वाटेनं मित्राबरोबर निघालो होतो. तो तालमीतला गडी, माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा. कळे गावाच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर थांबलो. चुलवाणावरच्या काहिलीत रस रटरटत होता, गुळव्यानं आम्हा दोघांना उसाच्या चिपाडावर गरम काकवी दिली. मित्रानं गुळाचा एक खडा कागदात बांधून खिशात टाकला. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘दमलास व्हय रं?’’ मी म्हणालो, ‘‘न्हाई, चल.’’

त्या दोन शब्दांनी माझा दिवस बिघडवला. साळवणपर्यंत मी दात-ओठ खाऊन त्याच्या मागे राहिलो. पाणी प्यायला थांबलो तर मागे पडेन म्हणून पाणीही प्यायलो नाही. असळजच्या पुढे भर उन्हात अंगाला कापरं भरलं. हँडल धरलेली बोटं दिसत होती, पण ती आपली आहेत असं वाटेना. एका मोरीच्या कठड्याला सायकल टेकवली आणि खालीच बसलो. जवळच्या शेतातल्या एका मावशींनी ताक आणि नाचणीची भाकरी दिली. ती खाऊन उठायला तास गेला.

तिकडे मित्र गगनबावड्यात फाट्यावर थांबलेला. तिथून दोन घाट उतरतात, वैभववाडीकडे करूळ आणि खारेपाटणकडे भुईबावडा. आपण चहा पीत असताना हा पुढे निघून गेला असावा, असं समजून तो करूळ घाटानं खाली गेला. मोबाइल नव्हतेच. वैभववाडीत मी सापडलो नाही तेव्हा तो पठ्ठ्या अंधार पडताना तोच घाट पुन्हा चढू लागला. अर्ध्या घाटात आम्ही भेटलो. त्याचे डोळे लाल झाले होते. मला एका शब्दानं बोलला नाही. खिशातला कागद सोडून त्यानं अर्धा गूळ माझ्या हातावर ठेवला. त्याची ती चढण माझ्या खोट्या ‘न्हाई’मुळे होती. आजही त्या वळणावर माझे पाय थांबतात.

म्हणून बाळा, दम लागायच्या आधीच बोल. ‘जरा हळू घे’ म्हणायला पाच सेकंद लागतात. तुझा मित्र ‘ठीक आहे’ म्हणाला तरी त्याच्या बाटलीकडे बघ. पाणी आहे तेवढंच असेल तर काहीतरी बिनसलंय. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोघांनी दोन-दोन घोट घ्यायचे. भूक लागायची वाट न बघता तासातासाला केळं किंवा गूळ-शेंगदाणे खायचे. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट प्यायचं. आणि फाट्यावर कुणीही पोहोचला तरी दुसरा दिसल्याशिवाय हलायचं नाही, मग दोन तास लागोत. आता मोबाइल आहेत, पण घाटात रेंजवर भिस्त ठेवू नका.

घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. तुमच्या सायकलींना रिमचे ब्रेक आहेत. रिम तापली की ट्यूब फुटू शकते. वळणाआधी ब्रेक घट्ट लावायचा, वेग मोडायचा आणि सोडायचा. मध्ये दोनदा थांबा. खाली कोकण पसरलेलं असतं, ते चालत्या सायकलीवरून बघण्यासारखं नाही.

यादी थोडकीच आहे: दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पाने, चेनला लावायचं तेल, हेडलाइट, मागचा लाल दिवा. जड वस्तू कॅरिअरच्या पिशव्यांत तळाशी भरा. पावसाळ्यात मात्र ही वाट धरू नका. कुंभी नदीला पूर आला की मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर येतं.

पंप माझ्याकडचा न्या. शुक्रवारी संध्याकाळी दोघं मिळून या, सायकली घेऊनच या. ब्रेकची रबरं बघायची आहेत. आणि येण्याआधी हे पत्र त्यालाही वाचायला दे.

तुझा,
काका