पानं मध्यम, समोरचा थांबेना

प्रश्न : सर, नमस्कार. मोबाईलवर फुकटच्या चिप्सवर टेक्सास होल्डेम पोकर खेळतो (दोन पानं हातात, पाच सगळ्यांची मधे). ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या रकमा, ५०-१००. मी बिग ब्लाइंडवर, म्हणजे १०० टाकणारा, हातात किलवरचा राजा आणि किलवरचीच नव्वी. बटनवाल्यानं (वाटणाऱ्याच्या जागेवरच्यानं) २५० केले, मी कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले, बाकी सगळे गेले. फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं : इस्पिकचा राजा, बदामाची अठ्ठी, चौकटची तिर्री. त्यानं २७५ मारले, मी कॉल. टर्नला, म्हणजे चौथं पान, इस्पिकचा गुलाम, त्याचे ५५०, मी कॉल. रिव्हरला, म्हणजे शेवटचं पाचवं पान, बदामाची चव्वी आणि त्याचे १६५०. मी पानं टाकली, पॅक झालो. असं सारखंच होतंय. राजाची जोडी हातात असून पॅक व्हायचं म्हणजे लई जीव जळतो. काय करावं?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : पानं, रंग, रकमा, सगळं लिहिलंत, बरं वाटलं. बहुतेक पत्रांत ‘माझी पानं भारी होती’ एवढंच असतं, त्यावर मी काय कपाळ सांगणार?

‘पॅक’ म्हणता, म्हणजे तुम्ही तिर्रटवरून इकडे आलात. तिर्रटमध्ये दोघंच उरले की पैसे टाकून शो मागता येतो. इथं ती सोय नाही. शो रिव्हरनंतर, आणि तिथवर समोरचा तीनदा किंमत मागणार, दरवेळी पॉटच्या, म्हणजे मधे जमलेल्या रकमेच्या, मापानं. फ्लॉपला पॉट ५५० होता. तुमच्या पहिल्या कॉलनं ११०० झाला, दुसऱ्यानं २२००. म्हणजे फ्लॉपचा तो कॉल २७५ चा नव्हताच, शेवटपर्यंत जायचं तर तो २४७५ चा पहिला हप्ता होता. मध्यम पानं घेऊन बसताना ही बेरीज फ्लॉपलाच करायची. रिव्हरला नाही.

तुमचे पहिले दोन कॉल मला मान्य आहेत. आता रिव्हर बघू. १६५० टाकले की पॉट ५५०० चा. दहातून तीनदा जिंकलात तरी भागतं. पण कुणाला हरवून जिंकणार? तिसऱ्यांदा एवढं मारणाऱ्याकडे तुमच्यापेक्षा हलकी राजाची जोडी सहसा नसतेच. एक तर तो पुढं आहे, नाही तर हवेत आहे, म्हणजे पानं नसताना नुसता दम देतोय. त्यामुळं ‘माझी जोडी किती भारी’ हा प्रश्न आता निकालात निघाला. त्याच्याकडे हवेतली पानं किती, एवढंच विचारायचं.

त्याच्याकडे काय काय असू शकतं ते मोजा. कॅटात राजे चार. एक खाली, एक तुमच्याकडे, उरले दोन. एक्के चारही बाहेर. म्हणजे एक्का-राजा ८ प्रकारे होतो. राजा-राणीही ८. गुलाम तीनच उरले, म्हणून राजा-गुलाम ६. दोन एक्के ६. गुलाम, अठ्ठी, तिर्री यांचे सेट, म्हणजे तेच पान तीनदा, प्रत्येकी ३. झाले ३७, आणि सगळे तुम्हाला हरवणारे. हवेतलं ठळक पान म्हणजे राणी-दश्शी : टर्नला दोन्हीकडून सिक्वेन्सची आशा, रिव्हरला ठणठणाट. ती १६ प्रकारे होते. ५३ पैकी १६, तीस टक्क्यांच्या जेमतेम वर. (राजा-दश्शी घेऊनही कुणी मारतो, रंग जुळता जुळता फसलेल्या इस्पिकांवरही कुणी मारतो. दोन्हीकडचं ते मी सोडून दिलंय.)

म्हणजे तो प्रत्येक राणी-दश्शी तिसऱ्यांदाही रेटणारा असेल, तरच तुमचा कॉल काठावर बसतो. निम्म्या वेळा हात आखडता घेणारा असेल, तर ४५ पैकी ८ उरतात, अठरा टक्केही नाही. मग सोडायचं, जीव जळू द्या.

याच हिशेबातली एक गंमत बघा. नव्वीऐवजी तुमच्या हातात दश्शी असती, तर पान वरचं, पण कॉल वाईट! त्या ३७ पैकी एकालाही दश्शी हरवत नाही. उलट त्याच्या राणी-दश्श्या १६ वरून १२ वर येतात. आणि हातात एक्का-अठ्ठी असती, तर राणी-दश्शीला तीही हरवते, पण राजा तुमच्याकडे नसल्यानं त्याची राजा-राणी ८ ची १२ होते. अशा अठ्ठीच्या जोडीवर फ्लॉपला एकदा कॉल करा आणि टर्नच्या ५५० ला मोकळे व्हा. रेझ, म्हणजे त्याच्यावर रक्कम वाढवणं, मात्र कशावरच नको. रेझ केला की हवेतला पळतो आणि भारीवाला थांबतो.

राहिला माणूस. फुकटच्या टेबलावर काही जण पहिल्या डावापासून सगळ्या चिप्स ढकलत असतात. त्यांना राजा-नव्वीनं बिनधास्त कॉल करा, तिथं माझी वरची मोजणी गुंडाळून ठेवा. बाकीचे तासभर चेक-चेक करतात, म्हणजे काही न लावता पुढं ढकलतात, आणि एकदम तीनदा मारतात. त्यांच्याकडे पानं असतात. तुमचा बटनवाला कोणता होता ते तुम्ही लिहिलं नाही. नुकताच येऊन बसलेला असेल, तर पॅक झालात ते योग्यच.

प्रश्न : पैशांचं पोकर बंद झालं. एका मित्रानं बाहेरदेशच्या ॲपची लिंक पाठवली, म्हणतो खेळणाऱ्याला काही होत नाही. खरं का?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : अर्धं खरं. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? आणि ती लिंक तुम्ही पुढं चार जणांना पाठवलीत, तर तुम्ही नुसते खेळणारे राहत नाही. डिलीट करा.

प्रश्न : समोरचा पटकन मारतो की वेळ घेतो, यावरून पानं ओळखता येतात का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, आपल्याकडची मोबाईलची रेंज बघता, वेळ घेतोय तो माणूस की टॉवर, हे कळायला मार्ग नाही. त्यापेक्षा शो झालेली पानं बघा. डाव तुमचा नसला तरी बघा. रिव्हरला मोठं मारून शेवटी काय दाखवलं, ते नावापुढं लिहून ठेवा. बऱ्याच ॲपवर खेळाडूच्या नावावर बोट दाबलं की टिपणाची जागा उघडते.