सांगलीत मित्रांसोबत रोलप्लेइंग गेम (पात्र बनून गोष्ट खेळायचा खेळ) सुरू करायचाय, फुकट नियम कुठले आणि मराठीत करून वाटले तर चालतं का?

चालतं की, फक्त लायसन्स बघून घ्या. सुरुवातीला बेसिक फँटसी हा नियमसंच घ्या, २००७ पासून खेळणाऱ्यांनीच मिळून वाढवलाय तो, पीडीएफ फुकट, आणि २०२३ ची चौथी आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सवर (वापरायची-वाटायची परवानगी देणारं खुलं लायसन्स) आहे म्हणजे मराठी करा, झेरॉक्स वाटा, फक्त मूळ लेखकांचं नाव द्यायचं आणि तुमचं भाषांतरपण त्याच अटीवर खुलं ठेवायचं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमचे मुख्य नियमही (एसआरडी ५.१ नावाचा दस्तऐवज) जानेवारी २०२३ मध्ये खुले झाले. त्या गेमची कंपनी जुनं लायसन्स बदलायला निघालेली, लोकांनी एवढा विरोध केला की मागं हटावं लागलं. मला हे फार मोठं वाटतं कारण अटी पाळल्या तर ही परवानगी आता परत काढून घेता येत नाही.

या दोन्हींना लागणारा वीस बाजूंचा फासा नसेल तर फज हा नियमसंच बघा, १९९२ पासून इंटरनेटवरच्या चर्चेतून घडलेला. लुडोचे चार फासे टाका, १-२ आलं तर वजा एक, ३-४ शून्य, ५-६ अधिक एक, बेरीज करा, झालं.

गोष्ट मात्र आपली घ्या, हळदीची पेठ, हरिपूरचा संगम, कृष्णेचा पूर, पोरं लगेच रमतात.