आयएसओ कॉपी केली, तरी मशीन उठेना: लिनक्सच्या पेनड्राइव्हबद्दल प्रश्नोत्तरं

विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. जुन्या पण धडधाकट मशीनवर लिनक्स टाकायला निघालेल्यांचे बरेचसे प्रश्न लिनक्सपर्यंत पोचतच नाहीत, पेनड्राइव्हपाशीच अडतात. या वेळी तेवढेच घेतले आहेत.

प्रश्न (राजारामपुरी): लिनक्स मिंटची आयएसओ फाइल उतरवली, पेनड्राइव्ह फॉरमॅट करून त्यात कॉपी केली. लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच जातो. मित्र म्हणतो, विनरारने फाइल उघड आणि आतलं सगळं पेनड्राइव्हवर टाक. त्याचं बरोबर आहे का?

उत्तर: अर्धं बरोबर आहे. आयएसओ ही अख्ख्या डिस्कची प्रतिमा असते. ती फाइल म्हणून पेनड्राइव्हवर ठेवली, तर मशीनच्या दृष्टीने ती फोटो-गाण्यांसारखीच एक फाइल. चालू होताना मशीनला पेनड्राइव्हच्या ठरलेल्या जागी बूट करणारा कोड लागतो. जुनं बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) तो अगदी पहिल्या सेक्टरमध्ये शोधतं. यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, असलेलं मशीन पेनड्राइव्हच्या फॅट प्रकारच्या विभागात ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल शोधतं.

आयएसओच्या रचनेत सुरुवातीचे ३२,७६८ बाइट मोकळे सोडलेले असतात. लिनक्सवाले त्याच जागेत हार्ड डिस्कसारखा बूट सेक्टर आणि पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची यादी) बसवतात, म्हणून तीच प्रतिमा डीव्हीडीवरूनही चालते आणि पेनड्राइव्हवरूनही. अट एकच: ती पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी लिहिली गेली पाहिजे. हे काम बलेना एचर किंवा डीडी मोडमधला रूफस हे प्रोग्रॅम करतात (त्या मोडबद्दल पुढे). एचरमध्ये फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, बटण दाबा. लिहून झाल्यावर तो परत वाचून पडताळणी करतो. ती पायरी कंटाळून ‘स्किप’ करू नका, खराब पेनड्राइव्ह तिथेच पकडला जातो.

मित्राची युक्ती यूईएफआय मशीनवर चालू शकते, पण पेनड्राइव्ह फॅट३२ असेल आणि आयएसओतली एकही फाइल ४ जीबीपेक्षा मोठी नसेल तरच. शिवाय फेडोरासारखी काही वितरणं (लिनक्सचे वेगवेगळे अवतार) चालू होताना पेनड्राइव्हचं ठरावीक लेबल शोधतात. ते जुळलं नाही की मेनू दिसतो आणि पुढे गाडी थांबते. मग कशाला तो उपद्व्याप?

आणखी एक. पेनड्राइव्ह तयार झाल्यावर विंडोज बहुधा ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे’ असं विचारतं, कारण आतले विभाग त्याला वाचता येत नाहीत. तिथे ‘कॅन्सल’च दाबा. तयार झालेला पेनड्राइव्ह याच पायरीला पुसून बसणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न (गगनबावडा): आमच्याकडे पावसाळ्यात रेंज येते-जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उबुंटू २४.०४ उतरवलं. पेनड्राइव्ह बनला, मेनू आला, पण इन्स्टॉल अर्ध्यात बंद पडतं आणि दर वेळी वेगळीच एरर. पेनड्राइव्ह बदलून बघितला, तरी तेच.

उत्तर: पेनड्राइव्ह बदलूनही तेच होतंय, म्हणजे आधी संशय आयएसओवर घ्या. नेट तुटल्यावर ब्राउझर कधीकधी अपुरी फाइलच ‘पूर्ण’ म्हणून ठेवतो. मेनूचा भाग शाबूत असतो म्हणून सुरुवात झकास होते. नंतर इन्स्टॉलर मोठी दाबलेली फाइल उलगडायला घेतो आणि फाटलेल्या जागी अडखळतो. ‘स्क्वॉशएफएस एरर’ असे शब्द पडद्यावर दिसले, तर बहुधा हेच.

तपासणी दोन मिनिटांची आहे. उबुंटूच्या डाउनलोड पानावर ‘एसएचए२५६सम्स’ नावाची छोटी फाइल असते, त्यात प्रत्येक आयएसओपुढे ६४ अक्षरांची ओळ असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत क्रमाने टाइप करा: सर्टयुटिल, जागा सोडून वजाचिन्हासह हॅशफाइल, मग आयएसओचं नाव, शेवटी एसएचए२५६. लिनक्सवर असाल तर एसएचए२५६सम आणि फाइलचं नाव, एवढं पुरे. आलेली ओळ त्या फाइलमधल्या ओळीशी पूर्ण जुळली पाहिजे. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी सगळी ओळ पालटते, त्यामुळे ‘थोडंसं चुकलंय’ असा प्रकार इथे नसतो. फाइल दुसऱ्या कुणाकडून घेतली असेल, तर सोबतची जीपीजी (डिजिटल) सहीही तपासा. जुळणारी ओळ फाइल शाबूत असल्याचं सांगते. ओळींची ती यादी उबुंटूवाल्यांनीच दिली आहे, हे मात्र सहीवरूनच कळतं.

पुन्हा उतरवताना टोरंट वापरा. फाइल तुकड्या-तुकड्याने येते, प्रत्येक तुकडा तपासूनच घेतला जातो आणि नेट गेलं तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. आधीची खराब आयएसओ त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवून टोरंटला ‘फोर्स रीचेक’ करायला सांगितलं, तर चांगले तुकडे तसेच राहतात आणि फाटके तेवढेच परत येतात. उबुंटू २४.०४ ची आयएसओ ६ जीबीच्या आसपास आहे. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवाल्याला हा हिशोब महत्त्वाचा. मिंट २२ सुमारे ३ जीबीत बसतं. डेबियनची ‘नेटइन्स्ट’ प्रतिमा आणखी छोटी असते, पण ती बाकीचं सामान इन्स्टॉल करताना नेटवरूनच ओढते, म्हणजे तुमच्या रेंजला ती नकोच.

प्रश्न (शिवाजी उद्यमनगर): वर्कशॉपमधल्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम द्यायचा पेनड्राइव्ह होता, पोरानं त्यावर लिनक्स टाकलं. आता विंडोजमध्ये १६ जीबीचे जेमतेम काही एमबी दिसत्यात आणि सीएनसी तर वाचतच नाही. पेनड्राइव्ह गेला का?

उत्तर: नाही. आयएसओसोबत तिचं पार्टिशन टेबलही पेनड्राइव्हवर उतरलं आहे. विंडोज त्यातला वाचता येणारा छोटा ईएफआय विभाग तेवढा दाखवतं. नुसतं फॉरमॅट केलं तर तो छोटा विभागच फॉरमॅट होईल. आधी टेबल पुसायला हवं.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि डिस्कपार्ट चालू करा. ‘लिस्ट डिस्क’ने यादी येईल. आकार बघून पेनड्राइव्हचा क्रमांक ओळखा. इथे घाई केली तर हिशोबाची हार्ड डिस्क साफ होते, कारण हा प्रोग्रॅम ‘नक्की का?’ असं विचारत नाही. मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तो क्रमांक, पुढे ‘क्लीन’, ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, आणि शेवटी ‘फॉरमॅट’ला फॅट३२ आणि क्विक हे पर्याय. सीएनसीच्या कंट्रोलरना साधारणपणे फॅट३२ च लागतं, एक्सफॅट किंवा एनटीएफएस बऱ्याच जुन्या कंट्रोलरना कळत नाही. पेनड्राइव्हवरचे जुने प्रोग्रॅम मात्र गेले असं धरून चाला आणि मूळ प्रती पीसीवर शोधा. लिनक्ससाठी ८ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह घ्या, कामाचा पेनड्राइव्ह कामालाच राहू द्या.

प्रश्न (शाहू मार्केट यार्ड): गुळाच्या अडतीवर जुना डेस्कटॉप आहे. रूफसमध्ये एमबीआर निवडू की जीपीटी? एकदा जीपीटीने केला तर बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसलाच नाही.

उत्तर: एमबीआर आणि जीपीटी या पार्टिशन टेबलच्या जुन्या आणि नव्या पद्धती. कुठली घ्यायची, हे मशीन कुठल्या पद्धतीने चालू होतं, यावर ठरतं. विंडोज चालू असताना विंडोजची कळ आणि आर दाबा, एमएसइन्फो३२ टाइप करा. ‘बायोस मोड’ समोर ‘लेगसी’ असेल तर एमबीआर, ‘यूईएफआय’ असेल तर जीपीटी. मिंट किंवा उबुंटूसाठी रूफसमध्ये एमबीआर निवडलं की टार्गेट ‘बायोस ऑर यूईएफआय’ असं होतं, म्हणजे एकच पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालतो. खात्री नसेल तर तेच ठेवा. पुढे रूफस ‘आयएसओ मोड की डीडी मोड’ असं विचारतो. आयएसओ मोडमध्ये तो फाइली सुट्या करून बूट करणारा कोड स्वतः बसवतो, डीडी मोडमध्ये प्रतिमा जशीच्या तशी लिहितो. आधी आयएसओ मोडने करा, तो पेनड्राइव्ह चालला नाही तर डीडीने.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल, तर विंडोज ज्या पद्धतीने बसलं आहे त्याच पद्धतीने पेनड्राइव्ह चालू करा. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून आणि एकदा तसाच. इथे चुकीची ओळ निवडली की इन्स्टॉल सुरळीत होतं, पण नंतर दोन्हींपैकी एकच प्रणाली सुरू होते.

बूट मेनूची कळ: डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि मदरबोर्डला एफ८. एसरलाही एफ१२, पण आधी बायोसमध्ये जाऊन तो मेनू चालू करावा लागतो. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हणजे पुरतं बंद होणं नव्हे. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. डेस्कटॉपला पेनड्राइव्ह मागच्या पोर्टमध्ये लावा. पुढच्या पोर्टची वायर ढिली असली की वाचताना चुका होतात. काही जुन्या बोर्डांवर निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून बूट होत नाही, मग शेजारचा काळा पोर्ट वापरा.

प्रश्न (कागल): शाळेच्या लॅबसाठी पेनड्राइव्ह करायचे आहेत. माझ्याकडे उबुंटूचं मशीन आहे, प्रतिमा लिहायला डीडी ही कमांड वापरतो. कमांड क्षणात संपल्यासारखी दिसते, पण पेनड्राइव्ह काढला की निम्मे पेनड्राइव्ह चालत नाहीत.

उत्तर: सर, डीडीने लिहिलेलं आधी रॅममध्ये साठतं आणि मागाहून हळूहळू पेनड्राइव्हवर उतरतं. रॅम भरपूर असली की आकडा झरझर वाढतो. पेनड्राइव्ह मात्र अजून लिहीतच असतो आणि नेमका तेव्हाच तुम्ही तो काढता. कमांडमध्ये ‘कॉन्व्ह बरोबर एफसिंक’ जोडा, म्हणजे शेवटचा बाइट उतरेपर्यंत ती परत येणार नाही. ‘बीएस’ला ४एम द्या आणि ‘स्टेटस बरोबर प्रोग्रेस’ ठेवा. साधा यूएसबी २ पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीने लिहीत असेल, तर ६ जीबीला साडेबारा मिनिटं लागणारच. त्याहून फार लवकर झालं तर शंका घ्या. मधेच लाइट गेली तर पेनड्राइव्ह बिघडत नाही, पहिल्यापासून पुन्हा लिहायचं एवढंच.

‘ओएफ’मध्ये अख्ख्या पेनड्राइव्हचं नाव द्यायचं, म्हणजे एसडीबी; एसडीबी१ नव्हे. एसडीबी१ हा आतला विभाग झाला. तिथे लिहिलं तर पहिला सेक्टर जुनाच राहतो आणि बूट होत नाही. पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा ‘एलएसबीएलके’ चालवा. नव्याने आलेलं नाव तेच तुमचं. कालचं नाव आज तेच असेल, असं धरू नका. डीडीची धास्ती वाटत असेल तर उबुंटूचा ‘स्टार्टअप डिस्क क्रिएटर’ही प्रतिमा जशीच्या तशी लिहितो.

लॅबसाठी मात्र आमचा कौल व्हेंटॉयला. तो पेनड्राइव्हवर एकदाच बसवायचा, तेव्हा आधीचं सगळं पुसलं जातं. नंतर कितीही आयएसओ नुसत्या कॉपी करून टाकायच्या. चालू केल्यावर मेनूतून निवडायच्या. पहिल्या उत्तरात जे चालत नाही म्हटलं तेच इथे चालतं, कारण बूट करणारा कोड व्हेंटॉयने आधीच जागेवर ठेवलेला असतो. सिक्युअर बूट (सही असलेलाच बूट कोड चालू देणारी यूईएफआयची सोय) चालू असलेल्या प्रत्येक मशीनवर पहिल्यांदा निळा पडदा येतो. तिथे ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ने व्हेंटॉयच्या विभागातली ‘एन्रोल’ने सुरू होणारी फाइल निवडा. त्या मशीनवर परत विचारलं जात नाही. एखादी आयएसओ अडली तर ‘ग्रब२ मोड’ने चालवून बघा.

प्रश्न (शाहूपुरी): गेल्या वर्षीपर्यंत चालणारा पेनड्राइव्ह आता लावला की ‘एसबीएटी’ आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असं लिहून लॅपटॉप बंद होतो.

उत्तर: पेनड्राइव्ह ठीक आहे, त्यातली आयएसओ जुनी झाली आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने, त्रुटी असलेले लिनक्स बूटलोडर सिक्युअर बूटमधून बाद केले. वितरणाची सध्याची आयएसओ घेऊन पेनड्राइव्ह नव्याने लिहा. सिक्युअर बूट बंद करूनही तो चालेल, पण आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बायोसमधली ही सेटिंग बदलली की विंडोज पुढच्या वेळी ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा उघडणार नाही.

प्रश्न (इचलकरंजी): सिस्टिम ३२-बिट दिसते, डीव्हीडी ड्राइव्ह आहे. काय टाकू?

उत्तर: ‘सिस्टिम टाइप’ची ओळ पूर्ण वाचा. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं असेल तर फक्त विंडोज ३२-बिट आहे, ६४-बिट लिनक्स खुशाल चालेल. प्रोसेसरच ‘एक्स८६’ असेल तर डेबियन १२ ची आय३८६ प्रतिमा घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर निघत नाही. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर उबुंटू २४.०४ मावणार नाही, मिंट मावेल, पण मिंट २२ फक्त ६४-बिट आहे. डीव्हीडी लिहिताना ‘बर्न डिस्क इमेज’ निवडा आणि वेग कमीत कमी ठेवा. जुन्या ड्राइव्हला भरधाव लिहिलेली डिस्क वाचताना त्रास होतो.