‘भ’च्या घराचं कौल

“मॅडम, ह्याला डिस्लेक्सिया असेल का?” गोव्यातल्या फोंड्याहून आलेल्या त्या आईनं खुर्चीत टेकायच्या आधीच वही माझ्यापुढे उघडली. पानभर ‘भ’ लिहायला दिलेला, आणि पानभर ‘म’. प्रत्येकावर लाल फुली. खाली शेरा, ‘अक्षरओळख कच्ची’. मुलगा पाच वर्षं तीन महिन्यांचा. त्याला इथं भार्गव म्हणते. नाव बदललंय, पहिलं अक्षर तेवढं तेच ठेवलंय, कारण घोळ सगळा त्या अक्षराचाच होता.

डिस्लेक्सिया म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण. हीच काळजी घेऊन बरेच पालक येतात. शेजारची मुलगी बाराखडी लिहिते, आमचा अजून ३ उलटा काढतो. घरी कोंकणी, शाळेत मराठी, वर एबीसीडी, म्हणून तर गोंधळत नाही ना? ह्या शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देऊन टाकते : नाही. शाळेत शिकलेलं देवनागरी अक्षर त्याच्या कोंकणीलाही चालतं. उलट घरातल्या शब्दावर शिकवलेलं अक्षर लवकर बसतं.

भार्गवच्या हातात मी पेन्सिल दिलीच नाही. विचारलं, “भ… भ… तुझ्या घरात ‘भ’चं काय काय आहे रे?”

“भेंडो,” तो लगेच म्हणाला. मग भात, भाकरी. मग जरा थांबून, डोळे मोठे करून, “भार्गव!”

म्हणजे कान तयार होता. ‘भ’ आणि ‘म’चे पत्ते समोर टाकले, त्यानं हवा तो बरोबर उचलला, चारदा. डोळाही तयार. तिकडे आईच्या चेहऱ्यावर प्रश्न, मग ही लाल फुल्यांची वही कुठून आली?

शेवटी पेन्सिल दिली. ती त्यानं मुठीत धरली, अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबली. डावीकडची गाठ काढली, दांडा ओढला. इथवर तो ‘भ’च होता. मग जीभ बाहेर काढून, डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक कडक रेघ. झाला ‘म’.

“रेघ अशी का ओढलीस?”

“टीचर म्हणतात, रेघ मोडायची नाही.”

पोरगं आज्ञाधारक होतं, एवढाच त्याचा दोष. ‘ध’चंही तेच, रेघ पूर्ण ओढली की ‘घ’. आपल्या लिपीत शिरोरेघेतली एवढीशी फट अक्षर बदलते, आणि मोठ्यांना ती इतकी सवयीची असते की सांगायचं राहूनच जातं. त्यात ‘ग म भ न’ हा क्रम हाताला सोपा असला, तरी ‘म’ आणि ‘भ’ शेजारी येतात. मी तरी दिसायला सारखी अक्षरं दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं घ्यायला सांगते.

आईला म्हटलं, महिनाभर वही बंद. तिला ते अजिबात पटलं नाही, “टीचरना काय सांगू?” टीचरशी मी फोनवर बोलले, त्यांनी समजून घेतलं. घरी काय करायचं? सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, ओल्या बोटानं किंवा खडूनं हातभर मोठं अक्षर काढायचं. ताटात तांदळाचं पीठ पसरून तेच. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली होती, म्हणून आजीसोबत नेवऱ्यांची (करंज्यांची) मुरड घालायला बसवायचं. चिमटीतली ताकद तिथं जितकी येते तितकी चाळीस ‘भ’ गिरवून येत नाही. आणि पेन्सिल मोडून आखूड तुकडा द्यायचा, तो मुठीत मावतच नाही, आपसूक तीन बोटांत येतो.

राहिला डिस्लेक्सिया. अक्षरं-आकडे उलटे निघणं साधारण सातव्या वर्षापर्यंत नेहमीचं आहे, आणि शिकण्यातल्या अडचणीचं पक्कं निदान सहसा आठव्या वर्षाच्या आसपास करतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिलीत जायचं वयच सहा आहे. मात्र मूल बोलायला बरंच उशिरा लागलं असेल, शब्दातला पहिला आवाज त्याला ओळखताच येत नसेल, घरात कुणाला वाचनाचा त्रास असेल, तर थांबू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या.

दुसऱ्या भेटीत मी फळ्यावर त्याचं नाव लिहिलं आणि रेघेतली फट दाखवली. “बघ, ‘भ’च्या घराचं एक कौल उडालंय.” तो बराच वेळ बघत राहिला. मग काळजीनं म्हणाला, “पावस भितर पडटलो!”

चवथीनंतर आईचा फोन आला. नावातला ‘भ’ बरोबर लिहितो, रफार मात्र कुठंही बसवतो. तो राहू दे म्हटलं, त्याला वेळ आहे. “पण मॅडम,” ती हसत होती की वैतागली होती कळेना, “आता सगळ्यांचीच कौलं उडवतो. काल मामाला चिठ्ठी लिहिली, वर ‘भाभा’!”