गरिबी कमी व्हावी म्हणून विकसनशील देशांनी करांची आणि सरकारी खर्चाची व्यवस्था कशी आखावी, सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नातल्या ‘सुरुवात कुठून’ या भागाचं उत्तर आधी देतो. मी बरीच वर्षं सरकारी हिशेब तपासतोय, आणि माझ्या मते सुरुवात शेवटच्या टोकापासून करावी. शाळेच्या, दवाखान्याच्या दारात किती पैसा पोचतो आणि कधी पोचतो, हे आधी मोजायचं.

युगांडाचं उदाहरण मला कायम आठवतं. तिथल्या २५० सरकारी प्राथमिक शाळांचे १९९१ ते १९९५ या वर्षांचे हिशेब १९९६ मध्ये तपासले गेले. विद्यार्थीसंख्येनुसार शाळांना जे अनुदान मंजूर होत होतं, त्यातलं सरासरी १३ टक्केच शाळेत पोचलं होतं. बहुतेक शाळांच्या हाती तर दमडीही आली नव्हती. राजधानीच्या कागदांवर मात्र पैसा गेलेला दिसत होता. तो मधेच, जिल्हा पातळीवर अडकत होता, आणि आपल्या शाळेला किती यायला हवं होतं हे पालकांना ठाऊकच नव्हतं. मग सरकारने जिल्ह्यांना पाठवलेल्या रकमा वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या भिंतींवर लावायला सांगितलं. २००१ पर्यंत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या पुढे गेला. त्याच काळात देखरेखही वाढली होती, त्यामुळे नेमकं श्रेय कशाला किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तरी भिंतीवरचा तो कागद मला फार मोलाचा वाटतो.

वेळेचा विचार याहून कमी होतो. वसुलीचे अंदाज फुगवून अर्थसंकल्प मांडला की पुढे तिजोरीत खडखडाट होतो. पगार आणि कर्जाचं व्याज टाळता येत नाही, म्हणून कात्री लागते ती औषधं, वह्या-पुस्तकं आणि दुरुस्तीला. वर्षभर थेंबथेंब निधी येतो आणि शेवटच्या महिन्यात एकदम लोंढा. घाईघाईत खरेदी उरकली जाते, बिलं फाइलला लागतात, पण आजारी माणूस तोवर रिकाम्या हाताने घरी गेलेला असतो. म्हणून वसुलीचा प्रामाणिक अंदाज आणि खात्याखात्यांत विखुरलेला सरकारी पैसा एकाच कोषागार खात्यात आणणं, ही रूक्ष वाटणारी कामंसुद्धा मी गरिबी निर्मूलनातच धरतो.

करांबद्दल थोडक्यात. बहुतेक रोजगार असंघटित असतो तिथे सरकार वस्तूंवरच्या करांवर चालतं, आणि तो कर गरीबही भरतो. इथिओपिया आणि टांझानियाच्या अभ्यासांत असं दिसलं, की भरलेला कर आणि मिळालेली मदत यांचा ताळा केला, तर बऱ्याच गरिबांच्या हातात आधीपेक्षा कमीच पैसा उरतो (यात शाळा-दवाखान्यांचा लाभ धरलेला नाही). म्हणून कर आणि मदत यांचा हिशेब एकत्रच मांडायला हवा.

इंधनावरच्या अनुदानाचा मोठा वाटा जास्त इंधन जाळणाऱ्यांच्या, म्हणजे सुस्थितीतल्यांच्या पदरात पडतो. इंडोनेशियाने ऑक्टोबर २००५ मध्ये ते घटवलं, तेव्हा रॉकेल लिटरमागे ७०० रुपियांवरून (रुपिया हे तिथलं चलन) २००० वर गेलं. त्याच वेळी दीड कोटीहून जास्त कुटुंबांना महिना १ लाख रुपिया, तीन-तीन महिन्यांचे एकदम, द्यायला सुरुवात झाली. दिशा बरोबर होती, पण याद्या घाईत झाल्या, खरे गरजू सुटले आणि गावोगाव वाद पेटले. तुमच्या देशात असं काही घाटत असेल, तर आधी यादी करून ती गावात जाहीर वाचू द्या, हरकती मिटवा, पहिला हप्ता हातात पडू द्या. रॉकेलला त्यानंतर हात लावा.