टर्मिनलमध्ये इम्पोर्ट चालतं, सर्व्हिसमध्ये नाही: व्हेन्व्ह कॉपी केलंय का ते आधी बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि मार्चअखेरचे माझे तीन दिवस डोळ्यांसमोर आले. तुमच्याकडे पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’ म्हणतंय, टर्मिनलमध्ये रिपोर्टलॅब हे पीडीएफ बनवणारं पॅकेज बिनतक्रार इम्पोर्ट होतंय, आणि फ्लास्कमध्ये (पायथनची वेब ॲप बनवायची चौकट) लिहिलेल्या ॲपची सर्व्हिस रीस्टार्ट केली की लॉगमध्ये ‘नो मॉड्यूल नेम्ड रिपोर्टलॅब’. व्हेन्व्ह (एका प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवणारं फोल्डर) ॲक्टिव्हेट केलंय का, असं सगळ्यांनी विचारून झालंय. ते तुम्ही केलंय, दिसतंच आहे. मी अडकलो ते तुमच्या शेवटच्या ओळीपाशी: गेल्या महिन्यात सगळं प्रोजेक्ट होम फोल्डरमधून सर्व्हरवरच्या एसआरव्ही फोल्डरमध्ये कॉपी केलं, जुनं अजून तसंच आहे.

‘सगळं’ म्हणजे व्हेन्व्हसकट ना? मग माझं जे झालं तेच तुमचं झालंय, असा माझा दाट संशय आहे.

तालुक्याच्या एका वाचनालयासाठी मी वर्गणीच्या हिशेबाचं ॲप चालवतो. मीसुद्धा फोल्डर असंच उचलून कॉपी केलं होतं. चार महिने काही झालं नाही, कारण लागणारी सगळी पॅकेजेस दोन्ही प्रतींमध्ये होती. मार्चमध्ये ऑडिटसाठी यादी एक्सेलमध्ये हवी होती, म्हणून त्यासाठीचं ओपनपायएक्सएल पॅकेज टाकलं. पिपने ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ म्हटलं. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि ॲप बंद पडलं.

आत काय चाललं होतं ते नीट सांगतो, कारण हे कळलं नाही तर माणूस फिरून फिरून तिथेच येतो. व्हेन्व्ह तयार होताना त्याच्या ॲक्टिव्हेट स्क्रिप्टमध्ये त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला जातो. पिपच्या फाइलच्या पहिल्या ओळीतही तोच पूर्ण पत्ता असतो. कॉपी केल्यावर ते पत्ते बदलत नाहीत. म्हणजे मी नव्या फोल्डरमधली ॲक्टिव्हेट स्क्रिप्ट चालवत होतो, कंसात ‘व्हेन्व्ह’ दिसत होतं, पण चालू होत होतं होममधलं जुनं व्हेन्व्ह. पिप टाकत होतं जुन्यात, इम्पोर्टची चाचणी होत होती जुन्यात. सर्व्हिस मात्र नव्या फोल्डरमधल्या पायथनला थेट पूर्ण पत्त्याने बोलावत होती. तो पायथन आपल्या शेजारची पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी फाइल बघून ठरवतो की आपण कुठे आहोत, त्यामुळे तो प्रामाणिकपणे नव्या साइट-पॅकेजेसमध्येच (पॅकेजेस टाकली जातात ते फोल्डर) शोधत होता. तिथे ओपनपायएक्सएल नव्हतंच. एररचा शब्द न् शब्द खरा होता.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक पुढची आहे. दोन वेगळे पायथन आहेत का, ही शंका मला पहिल्याच दिवशी आली होती. मी दोन्हींवर रीडलिंक डॅश एफ (फाइलचा खरा पत्ता दाखवणारी आज्ञा) चालवलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, यूएसआर बिनमधला सिस्टमचा पायथन. ‘एकच आहे’ म्हणून मी ती शंका सोडून दिली. व्हेन्व्हमधला पायथन लिनक्सवर बहुधा नुसती सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण, असते, तिचा माग काढला की दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जाणारच. बघायला हवं होतं सिस डॉट प्रीफिक्स, म्हणजे चालू पायथन कुठल्या व्हेन्व्हचा आहे तो पत्ता. म्हणून तुम्ही डब्ल्यूएसजीआय फाइलच्या (जिथून सर्व्हर ॲप सुरू करतो ती फाइल) अगदी वर सिस इम्पोर्ट करा आणि सिस डॉट प्रीफिक्स व सिस डॉट पाथ (मॉड्यूल शोधायच्या जागांची यादी) एसटीडीएररवर, म्हणजे एरर छापल्या जातात तिथे, प्रिंट करा. मग जर्नलसीटीएलमध्ये (सर्व्हिसचा लॉग दाखवणारी आज्ञा) काय आलं ते बघा. त्याच दोन गोष्टी टर्मिनलमध्ये ॲक्टिव्हेट केल्यावर छापा. फरक असेल तर लगेच दिसेल.

त्या तीन दिवसांत होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला मी तीनदा लिहिलं. पहिलं उत्तर, सर्व्हर रीस्टार्ट करा. दुसरं, मोठा प्लॅन घ्या, मेमरी कमी पडत असेल. तिसरं, फोल्डरला ७७७ परवानगी द्या. लॉग जोडलेला होता, त्यात मॉड्यूलचं नाव होतं, आणि तो कुणी उघडलासुद्धा नाही. मेमरीचा आणि या एररचा काहीही संबंध नाही. ७७७ मी दिली, आणि ॲपची फाइल सर्व्हरवरच्या कुणालाही बदलता येईल अशी उघडी पडली. वाचनालयाचे ग्रंथपाल रोज सकाळी फोन करून ‘झालं का हो?’ विचारायचे. त्याचं आजही वाईट वाटतं. कृपा करून ७७७ कुणीही सांगितलं तरी देऊ नका.

उपाय पाच मिनिटांचा आहे. एसआरव्हीमधलं व्हेन्व्ह फोल्डर पुसा, तिथेच पायथन३ डॅश एम व्हेन्व्हने नवं बनवा आणि रिक्वायरमेंट्स फाइलवरून सगळं पुन्हा टाका. फाइल अपुरी असेल तर आधी जुन्यातून पिप फ्रीझने टाकलेल्या पॅकेजेसची यादी काढून ठेवा. पायथनच्या अधिकृत कागदपत्रांतही लिहिलंय की व्हेन्व्ह हलवण्याची किंवा कॉपी करण्याची वस्तू नाही, पुसून पुन्हा बनवायची आहे. माझं ठाम मत सांगतो: नुसतं पिप कधीच टाइप करू नका. नेहमी त्या फोल्डरमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता, पुढे डॅश एम पिप. मग कुठे टाकलं हा प्रश्नच राहत नाही.

जुनं फोल्डर मात्र घाईने पुसू नका. तुमच्या सर्व्हिस फाइलमधली एक्झेकस्टार्टची ओळ (सर्व्हिस कुठल्या आज्ञेने सुरू होते ते सांगणारी) आधी बघा. माझ्याकडे पायथन डॅश एम गुनिकॉर्न (ॲप चालवणारा वेब सर्व्हर) होतं. तुमच्याकडे बिनमधली गुनिकॉर्न फाइल थेट असेल तर कथा उलटी होते: तिच्या पहिल्या ओळीत जुना पत्ता असल्यामुळे सर्व्हिसही जुन्यावरच चालते, आणि जुनं पुसलं की २०३/एक्झेक (आज्ञा चालवताच आली नाही) दाखवून पडते. तसं असेल तर रिपोर्टलॅब न सापडण्याचं कारण दुसरंच असणार आणि माझा अंदाज चुकलेला असेल.

सिस डॉट पाथ डॉट अपेंड करून साइट-पॅकेजेसचा पत्ता कोडमध्ये कोंबायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी दिलाय. माझ्या मते तो घेऊ नका. आज चालेल, पुढच्या पायथन अपग्रेडला मोडेल. सुडो पिपही (ॲडमिनच्या हक्काने पिप चालवणं) नको. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात १२ व्या आवृत्तीपासून पिप सिस्टमच्या पायथनमध्ये टाकायला नकार देतं, ते योग्यच आहे. तो अडथळा जबरदस्तीने ओलांडायचा पर्याय वापरू नका.

हरवलेलं मॉड्यूल तुमचं स्वतःचं असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा वर्किंग डिरेक्टरी (सर्व्हिस ज्या फोल्डरमधून चालते ते) बघा. आणि आपल्या पॅकेजला ‘लिब’ नाव दिलं असेल तर गिटइग्नोअर (गिटने कुठल्या फाइली वगळायच्या त्याची यादी) उघडा. गिटहबच्या पायथनच्या तयार साच्यात ‘लिब’ वगळलेलं असतं, त्यामुळे ते फोल्डर सर्व्हरवर पोहोचतच नाही. माझ्या एका मित्राची आख्खी रात्र त्यात गेली. ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ अशी एरर असेल तर तो बहुतेक व्हर्जनचा किंवा चक्राकार इम्पोर्टचा घोळ असतो, वरचं काही लागू नाही.

मी व्यवसायाने सर्व्हर सांभाळणारा नाही, आणि हे सगळं लिनक्स, सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारी व्यवस्था) आणि गुनिकॉर्नपुरतं आहे. दोन्हीकडचं सिस डॉट प्रीफिक्स आणि एक्झेकस्टार्टची ओळ इथे टाका, पासवर्ड असलेल्या एन्व्हायर्नमेंटच्या ओळी तेवढ्या काढून. मी रात्री नऊनंतर बघतो.